गोळीकाका विरुद्ध गोळीकाका

गोळीकाकांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली ती एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. ती करताना ते पूर्ण शुद्धीवर होते, पोटात नाश्ता गेलेला होता आणि अंगात ताप नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. कारण पुढे गल्लीतल्या जाणकारांनी या तिन्ही मुद्द्यांवर वेगवेगळी मतं दिली.

सगळं सुरू झालं ते नव्या कायद्यानं. डॉक्टर कमी, दुखणी जास्त, आणि साध्या सर्दीचा माणूस रांगेत उभा राहून राहून पाठदुखीचा माणूस होऊन आत जायचा. तेव्हा किरकोळ दुखण्यांवर नर्स आणि औषधवाले यांनीही चिठ्ठी लिहून द्यावी, असं वरच्यांनी ठरवलं. चौकातलं औषधाचं दुकान गोळीकाका तीस वर्षं एकहाती चालवत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात गेली होती. आता आपण लिहायचं आणि लोकांनी वाचायचं, या कल्पनेनं त्यांची छाती पांढऱ्या कोटात मावेना. कोट तेव्हा अजून शिवायचा होता, तरी मावेना.

घरात मात्र हा मान आधीच पोचला होता. त्यांच्या सौभाग्यवती मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नर्स. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे, आणि चारचौघांत गोळीकाकाही सिस्टरच म्हणत. त्या औषधलेखनाची परीक्षा पहिल्याच तुकडीत पास होऊन बसल्या होत्या. तेही एक वेळ चाललं असतं, पण कायद्याला दोन याद्या जोडलेल्या होत्या. नर्सच्या यादीत बासष्ट औषधं होती, औषधवाल्याच्या यादीत एक्केचाळीस. मधल्या एकवीस औषधांनी संसारात जागा अडवली. गोळीकाकांनी कुणाच्या खोकल्याबद्दल काही मत दिलं की सिस्टर भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणत, "ते तुमच्या यादीत नाही, अहो."

गोळीकाका परीक्षा पास झाले. नव्या कायद्यानं नेमलेल्या परिषदेचं प्रमाणपत्र आलं, ते भिंतीवर लागलं. मग त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली आणि नियम चौदापाशी अडकले. जो चिठ्ठी लिहील त्यानं औषध देऊ नये आणि जो औषध देईल त्यानं चिठ्ठी लिहू नये, म्हणजे दुसऱ्याची नजर पहिल्याच्या चुकीवर पडते, असं त्यात म्हटलं होतं. बरोबरच होतं. पण दुकानात माणूस एकच. त्याचीही सोय कायद्यानं खालच्या पोटनियमात केली होती: जिथे एकच औषधवाला आहे तिथे त्यानं दोन्ही कामं करावीत, मात्र दोन स्वतंत्र व्यक्तींप्रमाणे करावीत. दोन्ही कामांची जागा वेगळी हवी, पोशाख वेगळा हवा, आणि 'पहिल्या कामाचा प्रभाव ओसरेल' इतका, म्हणजे कमीत कमी दहा मिनिटांचा, अवकाश मध्ये हवा.

शेजारच्या शिंप्यानं लगेच तोडगा काढला. एकच कोट शिवू, आतून निळा, बाहेरून पांढरा; लिहिताना सुलट घाला, देताना उलटा करा. माडीवरच्या वकीलसाहेबांनी तो जिन्यातूनच फेटाळला. एका कोटात दोन स्वतंत्र व्यक्ती राहू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि याला आधार आहे असंही त्यांनी सांगितलं. आधार कुठला ते सांगितलं नाही. शेवटी दोन कोट झाले. मलमांच्या कपाटामागे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पडदा आला. पडदा कुणाच्या तरी सोफ्याच्या उरलेल्या कापडाचा होता, त्यावर कलिंगडाएवढी फुलं होती. त्या फुलांमागे बसून माणूस गंभीर दिसणं कठीण, पण गोळीकाकांनी ते साधलं.

पहिल्या आठवड्यात लोक दुखणं नसताना नुसती गंमत बघायला आले. आत पांढऱ्या कोटातले गोळीकाका विचारपूस करत, चिठ्ठी लिहीत, आणि "काउंटरवर दाखवा" असं सांगत. पेशंट तीन पावलं चालून काउंटरपाशी जाई. तिथे कोणी नसे. गोळीकाका पडद्याआड डोळे मिटून प्रभाव ओसरण्याची वाट बघत असत. घड्याळात दहा मिनिटं झाली की निळ्या कोटात बाहेर येत आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखं विचारत, "बोला, काय देऊ?" एका बाईंनी त्यांच्याकडे हळूच तक्रारही केली, की आत बसलेले तुमचे भाऊ फार प्रश्न विचारतात. गोळीकाकांनी निळ्या कोटातून दिलगिरी व्यक्त केली.

प्रश्न खरोखरच फार होते. परिषदेनं छापून दिलेल्या तक्त्यात एकोणीस होते, आणि एकही गाळायची सोय नव्हती.

त्या मंगळवारी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि गोळीकाकांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. गुडघा सुजला होता. गोळीकाकांनी त्यांना फुलांमागे बसवलं आणि तक्ता सुरू केला. मास्तरांनी आयुष्यभर प्रश्न विचारलेले. उत्तरं द्यायची त्यांना सवय नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी प्रश्नाची रचना ढिसाळ असल्याचं सांगितलं. सातव्याला ते चिडले. अकरावा प्रश्न होता, सध्या आणखी कोणती औषधं चालू आहेत?

"नेहमीचीच," मास्तर म्हणाले.

गोळीकाकांनी रकान्यात लिहिलं, 'नेहमीचीच', आणि पुढे गेले. एकोणीस संपल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली. सूज आणि ठणक्यावरची गोळी, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, पाच दिवस. अक्षर सुरेख, ओळी सरळ, आणि खाली सही अशी की सहीच्या शेवटच्या रेघेनं कागदाची कड गाठली. मास्तर चिठ्ठी घेऊन काउंटरकडे गेल्यावर मिटल्या डोळ्यांपुढे ती सही बघण्यात त्यांची दहातली आठ मिनिटं गेली.

मग निळा कोट चढवून ते बाहेर आले, चिठ्ठी घेतली, वाचली, आणि तिसऱ्या फळीकडे हात नेला. हात मध्येच थांबला. गेली सहा वर्षं, हृदयाचं दुखणं निघाल्यापासून, दर महिन्याला मास्तरांना रक्त पातळ ठेवणारी गोळी ते याच हातानं देत होते. 'नेहमीचीच' ती होती. तिच्याबरोबर ठणक्याची ही गोळी पोटात गेली तर आतल्या आत रक्त सुटायला वेळ लागत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस आडवा झालेला असतो. पांढऱ्या कोटातल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. निळ्याला फळीपाशी पोचायच्या आत आठवलं.

"मास्तर, ही चिठ्ठी चुकलेली आहे," ते म्हणाले.

"कोणी लिहिली?"

"मी."

"मग बदला की."

"मला बदलता येत नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीत औषध देणाऱ्यानं खाडाखोड करायची नसते."

मास्तरांनी आयुष्यात अनेक ढ मुलं पाहिली होती. त्यांतल्या एकाकडे बघावं तसं ते बघत राहिले. गोळीकाकांनी त्यांना चिठ्ठी न लागणारी साधी वेदनाशामक गोळी दिली, गुडघा शेकायला सांगितलं आणि घरी पाठवलं.

मग नियम बावीस. औषध देणाऱ्याला जिवावर बेतेल अशी चूक आढळली तर त्यानं आधी लिहिणाऱ्याशी संपर्क साधावा, आणि मग हिरव्या फॉर्मवर परिषदेला कळवावं. गोळीकाका संपर्क साधायला पडद्यामागे गेले. रिकाम्या खुर्चीसमोर जरा वेळ उभे राहिले. खुर्चीचं म्हणणं असं पडलं, की औषधांची नावं सांगणं मास्तरांचं काम होतं, तक्ता नीट भरलेला आहे, आणि असल्या बारीकसारीक गोष्टीसाठी लिहिणाऱ्याला उठवू नये. गोळीकाकांना त्या सुराचा राग आला. ते ताडकन काउंटरवर आले, हिरवा फॉर्म काढला, आणि अकरा वीसला त्यावर तक्रारदार म्हणून सही केली. तो त्याच दिवशी टपालात टाकून ते मोकळे झाले.

सिस्टरांना हे जेवताना कळलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, की चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली असती तर कुणाला काय कळलं असतं? गोळीकाका म्हणाले, प्रश्न कळण्याचा नाही. सिस्टर म्हणाल्या, मग कशाचा आहे? गोळीकाकांनी पातेलं पुढे ओढलं. त्यांनी वाढून घेतलं.

परिषदेची उत्तरं आली ती एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर, दोन लिफाफ्यांत. पहिला लिफाफा तक्रारदाराला होता. आपलं नाव गैरअर्जदारापासून गुप्त ठेवण्यात येईल, निर्धास्त राहावं; गैरअर्जदाराकडून दबाव आल्यास ताबडतोब कळवावं. दुसरा गैरअर्जदाराला होता. आपल्याविरुद्ध तक्रार आलेली आहे. तक्रारदार कोण हे शोधण्याचा, त्याला भेटण्याचा किंवा त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न केल्यास तो स्वतंत्र गुन्हा समजला जाईल. दुसरा लिफाफा वाचत असताना समोरच्या आरशात तक्रारदार दिसला, तेव्हा गोळीकाकांनी घाईघाईनं नजर फिरवली.

वकीलसाहेबांनी दोन्ही कागद वाचून चष्मा काढला. पुस्तिकेत त्यांनी बोट ठेवलं. तक्रार खरी ठरली तर लिहिणाऱ्याची नोंदणी जाते. तक्रार खोटी ठरली तर खोटी तक्रार करणाऱ्याची जाते. आणि गोळीकाकांच्या दोन्ही नोंदण्यांचा क्रमांक एकच आहे.

"म्हणजे?" गोळीकाकांनी विचारलं.

"म्हणजे कुणीही हरलं तरी दुकान जातं."

इतका वेळ गोळीकाका या प्रकरणाकडे तत्त्वाचा प्रश्न म्हणून बघत होते. आता पहिल्यांदा त्यांना शटर दिसलं, खाली ओढलेलं. तीस वर्षं सकाळी उठून जिथे जायचं ती जागा, फळ्यांवरच्या ज्या बाटल्या डोळे मिटून हाती लागायच्या त्या बाटल्या, आणि चौपन्नाव्या वर्षी घरी बसून बासष्ट औषधांची यादी असलेल्या बायकोच्या दृष्टीसमोर दिवस काढणं.

वकीलसाहेबांनी मात्र हुरूप घेतला. दोन्ही बाजूंचं वकीलपत्र आपल्याला घेता येत नाही, ते व्यवसायाला धरून होणार नाही, म्हणून आपण लिहिणाऱ्याची बाजू घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. मग बचावाची तयारी म्हणून तक्रारदाराची माहिती विचारायला सुरुवात केली. त्याचं लिहिणाऱ्याशी जुनं वैर आहे का? त्याला लिहिणाऱ्याच्या मानाचा हेवा वाटतो का? गोळीकाकांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, की हेवा असावा; पांढरा कोट आल्यापासून निळा जरा कुढतोच. वकीलसाहेबांनी ते लिहून घेतलं. शिंपीही मदतीला आला. त्याच्या मते चूक कोटाचीच होती. एकच कोट असता तर एकाला आठवलेलं दुसऱ्याला आठवलं असतं. हा मुद्दा वकीलसाहेबांनी लिहून घेतला नाही, आणि मला विचाराल तर सगळ्या कामकाजात तेवढा एकच मुद्दा लिहून घेण्यासारखा होता.

सुनावणीच्या दिवशी सिस्टरांनी रजा टाकली आणि सोबत आल्या. मास्तर साक्षीदार म्हणून आले, काठी टेकत. परिषदेच्या कारकुनानं गोळीकाकांना दोन बिल्ले दिले आणि दोन खोल्या दाखवल्या; तक्रारदारानं डावीकडे बसायचं, गैरअर्जदारानं उजवीकडे. गोळीकाका उजवीकडे बसले. पंधरा मिनिटांनी कारकून डावीकडे डोकावून आला आणि तक्रारदार गैरहजर असल्याची नोंद करू लागला. गोळीकाका धावत डावीकडे गेले. मग गैरअर्जदाराचा पुकारा झाला. सिस्टर बाकावर बसून हे येणं-जाणं बघत होत्या. चौथ्या फेरीला त्यांनी कारकुनाला बोलावलं आणि ज्या आवाजात त्या वॉर्डात सलाईन लावायला सांगत, त्या आवाजात सांगितलं, की हे दोघेही आलेले आहेत, आत घ्या.

आत तिघांची समिती होती: मध्ये एक डॉक्टर, एका बाजूला एक मेट्रन, दुसऱ्या बाजूला एक म्हातारे औषधवाले. डॉक्टरांनी कागद वाचले, परत वाचले, आणि तक्रारदाराची साक्ष होईपर्यंत गैरअर्जदारानं बाहेर थांबावं असं म्हणाले. गोळीकाका उठले, दारापर्यंत गेले. मेट्रनबाईंनी त्यांना परत बोलावलं.

"तक्रार करण्यापूर्वी तुम्ही लिहिणाऱ्याशी संपर्क साधला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"साधला होता."

"मग?"

"ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते."

म्हाताऱ्या औषधवाल्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मास्तरांची साक्ष झाली. त्यांनी सांगितलं की लिहिणाऱ्यानं आपल्याला वर पाठवायची व्यवस्था केली होती आणि देणाऱ्यानं ती रद्द केली, दोघंही वागायला सज्जन आहेत, आणि तक्त्यातल्या प्रश्नांची भाषा सुधारायला हवी. वकीलसाहेबांनी तक्रारदाराच्या हेव्याचा मुद्दा मांडला. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पुढे झुकले.

"तुम्ही एकटे होता. चिठ्ठी तुमचीच होती. फाडून टाकता आली असती. का नाही फाडलीत?"

सिस्टरांचा प्रश्न होता हा. गोळीकाकांनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं नाही.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते, साहेब," ते म्हणाले. "देणाऱ्यानं फाडायची नसते. तीस वर्षांत मी तुमच्यापैकी कुणाची एकसुद्धा फाडली नाही. मग माझीच तेवढी फाडायची?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. समिती आतल्या खोलीत गेली. अर्ध्या तासानं निकाल आला. लिहिणाऱ्याकडून चूक झाली हे सिद्ध झालं; त्याचा औषधलेखनाचा अधिकार सहा महिने स्थगित, त्यानंतर फेरपरीक्षा. देणाऱ्यानं कर्तव्य चोख बजावलं. त्याचं लेखी अभिनंदन, आणि त्याचं दुकान पूर्ववत चालू राहील. क्रमांक एक असला तरी माणसं दोन आहेत हे परिषदेनंच मान्य केलेलं असल्यामुळे एकाची शिक्षा दुसऱ्याला देता येत नाही, असा शेरा मेट्रनबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, आपण हरलो. मग गोळीकाकांच्या दुसऱ्या बाजूला येऊन त्यांनी त्यांचं अभिनंदन केलं.

पुढच्याच सोमवारी मास्तर चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. गुडघ्यासाठी दवाखान्यात गेले होते. चिठ्ठी सिस्टरांची होती. लावायचं मलम, सकाळ-संध्याकाळ. बासष्टांपैकी एक, एक्केचाळिसांत नसलेलं. गोळीकाकांनी ती तीन वेळा वाचली. कोणत्या आशेनं वाचली ते सांगायला नको. औषध बरोबर होतं, प्रमाण बरोबर होतं, रक्ताच्या गोळीची नोंद नावासकट होती. सही होती. तारीख नव्हती.

त्यांनी फोन लावला.

"सिस्टर, चिठ्ठीवर तारीख राहिलीय."

"घाला की तुम्हीच. आजची."

"मला घालता येत नाही."

पलीकडे वॉर्डातली भांडी वाजली. "हिरवा फॉर्म काढलाय का समोर?"

"काढलाय."

बारा मिनिटांत सिस्टर आल्या, दवाखान्याच्याच कपड्यात, चालून चालून लाल झालेल्या. त्यांनी काउंटरवरचं पेन उचललं, तारीख घातली आणि शेजारी छोटी सही केली. मग चिठ्ठी पुढे ढकलून म्हणाल्या, "राहिली होती. माझी चूक." आणि गोळीकाका मलम काढेपर्यंत त्यांनी हिरवा फॉर्म उचलून उभ्या उभ्या वाचला. अगदी खाली, बारीक अक्षरांतलंही वाचलं.

"अहो, इथे लिहिलंय. औषध देण्यापूर्वी लिहिणाऱ्यानं चूक मान्य करून चिठ्ठी दुरुस्त केली, तर फॉर्म पाठवायची गरज नाही."

गोळीकाकांनी मलमाची ट्यूब मास्तरांपुढे ठेवली आणि तिचं तोंड त्यांच्याकडे होईल अशी फिरवली.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं."

"मग त्या दिवशी पडद्यामागे जाऊन एवढंच म्हणायचं होतं. चुकलं म्हणून."

मास्तरही ट्यूब न उचलता थांबले.

"तीस वर्षं मी फोन करतोय, अगं," गोळीकाका म्हणाले. चारचौघांत ते त्यांना अगं म्हणाले ते पहिल्यांदाच. "चुकलं असं एकही लिहिणारा कधी म्हणाला नाही. मला वाटलं, लिहायला लागलं की ते म्हणायचं नसतं."

सिस्टरांनी फॉर्मची घडी घातली, ती काउंटरवर ठेवली, आणि वॉर्ड उघडा टाकून आल्याची आठवण होऊनही त्या आणखी पाच मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या.